फिल्म फेस शटरिंग प्लाय घेताना फिल्मकडे सगळ्यात शेवटी बघा

तुमचा प्रश्न मला कळला तो असा, की मागच्या कामाला काँक्रीटच्या साच्यासाठी १२ एमएमच्या फिल्म फेस शीट (दोन्ही अंगांना फिल्म बसवलेली प्लाय) घेतल्या, वरून एकदम गुळगुळीत, विकणारा म्हणाला पंधरा-वीस वेळा आरामात वापराल, आणि चौथ्या स्लॅबलाच कडा फुगल्या, दोन-तीन शीटचे तर थरच सुटले. आता पुढच्या कामाला काळी घ्यायची का ब्राऊन, १२ एमएम का १८, फिल्म किती जीएसएमची, आणि त्या जुन्या शीटचं करायचं काय.

रंगाचं आधी संपवून टाकू. काळी, ब्राऊन, लालसर हा फिल्मच्या रेझिनमध्ये मिसळलेला रंग असतो, टिकण्याशी त्याचा काही संबंध नाही. सारख्याच प्लायवर कुठल्याही रंगाची फिल्म बसवता येते.

आता मुद्द्याचं. तुम्ही जे लिहिलंय त्यात फिल्म घासली, सोलली असं कुठेच नाहीये. कडा फुगल्या आणि थर सुटले, एवढंच. म्हणजे तुमची शीट बाजूनं आणि आतून गेली, वरची फिल्म बिचारी शेवटपर्यंत ठीकच होती. मी फॉर्मवर्कची (काँक्रीटच्या साच्यांची) कामं करतो आणि माझ्या बघण्यातल्या बहुतेक शीट अशाच जातात, तरी खरेदीच्या वेळी चर्चा सगळी फिल्मची, कारण डोळ्याला तेवढीच दिसते. माझा क्रम उलटा आहे: आधी आतला ग्लू, मग कोअर (म्हणजे आतले लाकडाचे थर), मग कडा, आणि फिल्म शेवटी. असं का ते जरा सविस्तर सांगतो.

फिल्म म्हणजे फिनॉलिक रेझिनमध्ये भिजवलेला क्राफ्ट कागद, गरम प्रेसमध्ये दोन्ही अंगांना दाबून बसवलेला. सर्रास मिळते ती १२० जीएसएमची, म्हणजे रेझिन धरून चौरस मीटरला १२० ग्रॅम, जाडी साधारण मिलिमीटरचा दहावा भाग. एवढ्याशा थराचं काम काय, तर काँक्रीटचं पाणी आणि अल्कली लाकडात शिरू द्यायची नाही (ताज्या काँक्रीटचा पीएच १२ च्या वर असतो, उघड्या लाकडाला ते झेपत नाही) आणि शीट खोलताना चिकटू द्यायची नाही. हे काम ती चांगलं करते, पण फक्त तोंडावर. कडेला फिल्म नसतेच. आणि लाकूड पाणी ओढतं ते रेषेच्या (लाकडाच्या तंतूंच्या) टोकाकडून सगळ्यात जोरात, प्लायमध्ये एक थर उभा एक आडवा असतो म्हणून कुठलीही कड घ्या, निम्म्या थरांची टोकं तिथे उघडी असतात, चारही बाजूंनी स्ट्रॉ लावून ठेवल्यासारखं. म्हणूनच कारखान्यातून येताना कडांना रंगाचा जाड हात मारलेला असतो. मग साइटवर सुतार बीमच्या मापानं शीट कापतो, ती नवी कड कोरी राहते, टाय रॉडसाठी (साच्याच्या दोन बाजू एकमेकींना बांधणाऱ्या सळईसाठी) ड्रिल मारतो ते भोक कोरं राहतं, आणि पहिल्याच काँक्रीटला पाणी आत.

पाणी आत गेल्यावर पुढे काय होणार ते ग्लूवर ठरतं. लाकूड तर फुगणारच, कुठलीही प्लाय असली तरी. पण थर पक्के चिकटलेले असतील तर वाळल्यावर शीट बऱ्यापैकी जागेवर येते, कड थोडी जाड राहते एवढंच. ग्लूच पाण्यात सैल पडणारा असेल तर प्रत्येक भिजण्या-वाळण्याला जोड थोडा थोडा सुटत जातो आणि एक दिवस पापुद्रे हातात येतात. तुमच्या शीटचं चौथ्या वापराला हे झालं म्हणजे आतला ग्लू फिनॉलिक नव्हता असा माझा अंदाज आहे. शीट न बघता छातीठोक सांगता येणार नाही, प्रेसिंगमधला दोषही असू शकतो.

ग्लूचे ढोबळ तीन प्रकार लक्षात ठेवा. युरिया फॉर्मल्डिहाइड, हा घरातल्या कोरड्या जागेच्या फर्निचरसाठी ठीक, शटरिंगला अजिबात नाही. मेलामाइन मिसळलेला युरिया, हा मधला, बऱ्याच स्वस्त फिल्म फेस शीटमध्ये हाच असतो, काही वापर नीट देतो आणि मग दगा देतो. आणि फिनॉल फॉर्मल्डिहाइड, ज्याला उकळतं पाणीही सोडवू शकत नाही. घोळ असा होतो की वरची फिल्म फिनॉलिक असली की शीट 'फिनॉलिक प्लाय' म्हणून विकली जाते, आत काहीही असो. म्हणून विचारताना 'फिनॉलिक आहे का' असं विचारू नका, उत्तर हो असंच येणार. 'आतल्या थरांचा ग्लू कुठला, आणि तो बिलावर लिहून देणार का' असं विचारा. लिहून द्यायची वेळ आली की बरेच जण सावध बोलायला लागतात.

शिक्क्यांचंही तेच. बीडब्ल्यूआर (बॉइलिंग वॉटर रेझिस्टंट) आणि बीडब्ल्यूपी (बॉइलिंग वॉटर प्रूफ) हे ऐकायला भाऊ-भाऊ वाटतात पण भारतीय मानकात पहिल्या ग्लूची उकळण्याची चाचणी ८ तासांची आणि दुसऱ्याची ७२ तासांची आहे, फरक केवढा ते बघा. शटरिंग प्लायचं स्वतंत्र मानक आहे, आयएस ४९९०. युरोपियन मालावर ईएन ३१४ क्लास ३ शोधा, तो बाहेरच्या वापराच्या चिकटपणाचा वर्ग. फर्निचरच्या प्लायचा शिक्का दाखवून 'तीच हो ही' असं कोणी म्हणालं तर तिथेच थांबा.

शिक्क्यावर विश्वास नसेल तर स्वतः उकळून बघा, मी नवीन ठिकाणाहून माल घेताना हे करतोच. नमुन्याच्या शीटच्या मधल्या भागातून तळहाताएवढे दोन-तीन तुकडे कापायचे, कडेचे नकोत, तिथे रंग असतो. जुन्या भांड्यात, उघड्यावर, पाण्यात पूर्ण बुडवून ४ तास उकळायचे, मग पूर्ण वाळवायचे, परत ४ तास. (स्वयंपाकाचं भांडं वापरू नका, वाफेत फॉर्मल्डिहाइड येतो, डोळे चुरचुरतात.) साधा युरिया असेल तर पहिल्या फेरीतच थर उघडायला लागतात. दोन फेऱ्या काढल्या तरी तिथे समाधान मानू नका, पटाशी घालून एक थर उचकटा आणि बघा काय फाटतंय. लाकडाचे तंतू फाटून ग्लूला चिकटून राहिले तर जोड लाकडापेक्षा पक्का आहे. थर स्वच्छ सुटला, खाली गुळगुळीत चकाकी दिसली, तर लाकूड शाबूत आणि ग्लूच हरलाय, ती शीट घेऊ नका. मेलामाइनवाला कधी कधी या दोन फेऱ्या काढून जातो, म्हणून मोठी खरेदी असेल तर लॅबचा रिपोर्ट मागाच.

आणखी एक, कापलेल्या कडेत ग्लूच्या रेषा गडद तपकिरी दिसल्या की फिनॉल आणि फिकट दिसल्या की युरिया, हे खरं आहे पण अर्धंच. ग्लूमध्ये रंग टाकून रेषा गडद करता येते आणि तसं केलं जातं. फिकट रेष दिसली तर शंका घ्या, गडद दिसली म्हणून निर्धास्त होऊ नका.

कोअरबद्दल. कापलेल्या कडेवर बॅटरीचा उजेड तिरपा मारा. दोन व्हिनियरच्या (लाकडाच्या पातळ थरांच्या) मध्ये पोकळी, एकावर एक चढलेले तुकडे, भुसा भरून बुजवलेली फट, सगळं दिसतं. पोकळीचं नुकसान दोन प्रकारचं, तिथे ताकद नसते त्यामुळे वरून नेमका तिथे पाय किंवा सळईची खुर्ची (स्लॅबची सळई वर उचलून धरणारा आधार) आली की फिल्मला खड्डा पडतो, आणि पाण्याला आत फिरायला आयता बोगदा मिळतो. शीटवर लाकडी हातोडीनं ठोकत गेलात तर पोकळ जागी आवाज बदलतो, कान थोडा तयार व्हावा लागतो इतकंच. मग वजन. ८ बाय ४ ची १८ एमएम शीट पॉपलरसारख्या हलक्या लाकडाची असेल तर साधारण २८ ते ३० किलो भरते, युकॅलिप्टस किंवा बर्चसारखं जड लाकूड असेल तर ३६ ते ४० च्या आसपास. हलकी म्हणजे वाईट असं नाही, उचलायला बरी असते, पण हार्डवूड सांगून २८ किलोची शीट कोणी देत असेल तर तो खोटं बोलतोय. थर किती तेही मोजा. बर्चच्या १८ एमएममध्ये १३ थर असतात, १२ एमएममध्ये ९. थर जास्त आणि पातळ असले की दोन्ही दिशांना ताकद सारखी होत जाते. आणि व्हर्नियर घेऊन चारही कोपऱ्यांत जाडी मोजा, वेगवेगळ्या शीटची सुद्धा. एक शीट १८ आणि शेजारची १७ भरली तर स्लॅबच्या तळाला प्रत्येक जोडावर पायरी दिसणार आणि तिथूनच स्लरी (सिमेंटचं पाणी) गळणार.

आता १२ का १८. हे मात्र पूर्णपणे तुमच्या कामावर आहे, आणि लोक इथे जाडीवर भांडतात पण खालच्या बॅटनच्या (शीटला आधार देणाऱ्या पट्ट्यांच्या) अंतराबद्दल बोलतच नाहीत. शीटचा कडकपणा जाडीच्या घनात वाढतो, म्हणजे त्याच लाकडाची १८ ची शीट १२ पेक्षा जवळपास ३.४ पट कडक. पण वाक हा दोन बॅटनमधल्या अंतराच्या चौथ्या घातात वाढतो. आता हिशोब करा: १८ ची शीट ४०० एमएम अंतरावर आणि १२ ची ३०० एमएम अंतरावर, वाक जवळजवळ सारखाच येतो. म्हणजे तुमचा सुतार बॅटन जवळ जवळ लावणारा असेल तर स्लॅबला १२ चालून जाते, ५००-६०० वर लावून मोकळा होणारा असेल तर १२ ला पोट येणारच आणि शिव्या शीटला पडणार.

स्लॅब आणि भिंत यातला फरक पण समजून घ्या. १५० एमएमच्या स्लॅबचं ओलं काँक्रीट म्हणजे चौरस मीटरला सुमारे ३७५ किलो, वर माणसं आणि सामान वेगळं. तेच ३ मीटर उंचीची भिंत किंवा कॉलम एका दमात भरलात तर तळाला दाब चौरस मीटरला साडेसात टनापर्यंत जाऊ शकतो, स्लॅबच्या वीस पट. हळूहळू भरलं, खालचं काँक्रीट सेट होत गेलं, तर दाब कमी राहतो, थंडीत सेटिंग उशिरा होतं म्हणून जास्त राहतो. त्यामुळे कॉलम-भिंतीला मी १८ च्या खाली जात नाही, आणि तिथेही मागचे बॅटन आणि टाय यांचं डिझाइन इंजिनिअरकडून करून घ्यायचं, अंदाजपंचे नाही.

हे बोलतोय तर रेषेची दिशा राहायला नको. शीटच्या वरच्या थराची रेष बहुतेक वेळा ८ फुटाच्या बाजूनं धावते. ती रेष बॅटनला आडवी पडली पाहिजे, बॅटनच्या सोबत नाही. सोबत पडली की तीच शीट लक्षणीय मऊ होते. पण फिल्मखाली रेष झाकलेली असते, आणि अर्धी-पाव कापलेल्या तुकड्यांना तर ८ फुटाची बाजू कुठली तेच कळत नाही. म्हणून कापायच्या आधी मागे मार्करनं बाण मारून ठेवायला सांगा. फुकटचं काम आहे आणि कोणी करत नाही.

फिल्मच्या जीएसएमवर आता येतो, आणि थोडक्यातच बोलतो. तळाला प्लास्टर होणार असेल आणि आठ-दहा वापर हवे असतील तर १२० पुरते, पण ग्लू आणि कड चांगली हवी ही अट. काँक्रीट उघडंच ठेवायचं असेल, फिनिश दाखवायचा असेल, किंवा त्याच शीट खूप वेळा फिरवायच्या असतील तर २२० घ्या, घासण्याला ती जास्त टिकते. खिळ्याला मात्र दोन्ही सारख्याच. आणि उघड्या फिनिशचं काम असेल तर एक आधीच सांगतो म्हणजे घाबरणार नाही, कोऱ्या फिनॉलिक फिल्मनं पहिल्या एक-दोन वापराला काँक्रीटवर गुलाबी-लालसर छटा येऊ शकते. उन्हा-पावसात ती फिकी होत जाते, पण जिथे ऊनच लागत नाही अशा आतल्या भिंतीला नव्या शीट पहिल्यांदा लावू नका, आधी पायाला किंवा झाकल्या जाणाऱ्या भागाला वापरून घ्या.

किती वापर मिळतील याचा आकडा मी देत नाही, देणाऱ्यावर विश्वासही ठेवत नाही. तीच शीट पूर्ण न कापता एकसारख्या स्लॅबला फिरली तर किती तरी वेळा जाते आणि खोलणारा पहार घालून उचकटणारा असेल तर पाचव्या वेळी संपते. म्हणून भाव शीटचा बघू नका, दर वापराला किती पडतो ते बघा. दीडपट भावाची शीट तिप्पट वेळा फिरली तर तीच स्वस्त. पण तुमचं काम एकच मजल्याचं असेल आणि नंतर शीट कुठे लागणारच नसतील तर महागडी घेऊन करणार काय, अशा वेळी भाड्याच्या प्लेट किंवा मधल्या दर्जाची शीट घ्या, मी तरी तेच करीन.

वापरताना काय पाळायचं त्यात सगळ्यात वर कड. कापली की लगेच, त्याच दिवशी, धूळ पुसून ॲक्रिलिक, पीयू (पॉलियुरेथेन) किंवा इपॉक्सी रंगाचे दोन हात, पहिला शोषला जातो म्हणून दुसरा लागतोच. ड्रिलच्या भोकातही ब्रश फिरवायचा. काहीच नसेल तर ऑइल पेंट मारा, कोऱ्या कडेपेक्षा कधीही बरा. कापताना बारीक दाताचं कार्बाइड ब्लेड वापरा, जाड दातानं फिल्मच्या कपच्या उडतात आणि मग रंगही नीट बसत नाही. खिळे कमीत कमी, जमेल तिथे मागून स्क्रू.

तेलाचं म्हणाल तर जळकं इंजिन ऑइल बंद करा. काँक्रीट काळं पडतं, वर प्लास्टर धरत नाही, आणि ते गोळा करून लावणाऱ्याच्या हातालाही वाईट. शटरिंगसाठी मिळणारं रिलीज एजंट (शीट काँक्रीटला चिकटू न देणारं तेल) पातळ लावायचं, इतकं की हात फिरवला तर नुसता तेलकट वाटेल, थारोळं नाही. फिल्म आहे म्हणून तेल नको असं काही जण म्हणतात, ते ऐकू नका. व्हायब्रेटरची नळी फिल्मला टेकू द्यायची नाही, टेकलेल्या जागी फिल्म जळल्यासारखी घासली जाते.

खोलताना लाकडी पाचर, पहार नाही. खोलल्या-खोलल्या साफ करा, काँक्रीट ताजं असताना प्लास्टिकच्या किंवा लाकडी पट्टीनं निघतं, दोन दिवसांनी तारेचा ब्रश लागतो आणि तारेचा ब्रश म्हणजे फिल्मला सँडपेपर. मग आडव्या रचून ठेवायच्या, जमिनीपासून वर, खाली तीन-चार सारख्या उंचीचे ठोकळे, तोंडाला तोंड. भिंतीला टेकून उभ्या ठेवल्या की वाकतात. वर ताडपत्री हवी पण बाजूंनी हवा खेळली पाहिजे, गच्च बांधली तर आतल्या आत घाम येऊन बुरशी धरते. आणि उन्हात पसरून ठेवू नका, उन्हानं फिल्मला केसाएवढ्या भेगा जातात, मग तोंडावरूनही पाणी शिरायला लागतं.

तुमच्या जुन्या शीट. ज्यांच्या फक्त कडा फुगल्यात त्या फेकू नका. फुगीर भाग संपेपर्यंत आत जाऊन कापा, बहुतेक वेळा तीन-चार इंच जातात, उरलेल्यावर ठोकून बघा, आवाज भरीव आला तर नवीन कडा रंगवा आणि फुटिंग, पेडेस्टल, पायऱ्यांचे रायझर अशा छोट्या मापाला वापरा. ज्यांचे थर सुटलेत त्या चिकटवून परत स्लॅबखाली घालायचा विचार सुद्धा करू नका, खाली माणसं काम करत असतात आणि त्या शीटची ताकद किती उरली हे कोणालाच सांगता येत नाही. फरशी झाकायला, सामान ठेवायला चालतील. माणसांनी चढायच्या परांचीला मात्र लावू नका. आणि सरपण म्हणून कोणाला देऊ नका, ग्लू आणि फिल्म जळल्याचा धूर श्वासात जाण्यासारखा नाही.

पुढच्या कामाचं स्लॅबची जाडी, बॅटन कुठल्या मापाचे आहेत आणि एकूण किती वेळा शीट फिरणार एवढं लिहिलंत तर १२ वर भागेल का ते हिशोब करून सांगतो.